गेममधला राक्षस कोण ठरवतो?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या अकोले तालुक्यातल्या एका वस्तीवर, बुद्धविहारात, मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. दुपारी वर्ग सुटला की मुले एका जुन्या कॉम्प्युटरभोवती गोळा होतात आणि माइनक्राफ्ट खेळतात. यंदा त्यांनी ठरवले की नुसते खेळायचे नाही, गेममध्ये आपल्या इकडचे प्राणी आणि भुतेखेते घालायची. कार्टूनसारखी चित्रे, जादूची दुनिया, पण डोंगर आपला आणि नदी प्रवरा. वहीच्या पानावर यादीही तयार झाली : राक्षस, नाग, बिबट्या, तरस, खवीस, हडळ, मुंजा. आणि प्रत्येक नावापुढे एकच शब्द लिहिलेला होता : "मारायचा."

ते पान पाहून आम्ही थबकलो. हा लेख त्या पानाबद्दल आहे.

ज्यांनी हा गेम पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात ठरलेली गोष्ट नसते. माती, दगड, लाकडाचे ठोकळे असतात. खणा, रचा, घर बांधा, शेत करा. स्वीडनमध्ये २००९ साली सुरू झालेला हा गेम २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरला विकत घेतला आणि २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून जास्त प्रती खपल्या. खेळणाऱ्याला त्यात स्वतःची भर घालता येते, तिला मॉड म्हणतात. नवा प्राणी घालायचा तर त्याचे चित्र लागते आणि त्याच्या वागण्याची एक साधी फाइल लागते. कोणाच्या मागे धावायचे, कोणाला घाबरायचे, काय खायचे, हे त्या फाइलमध्ये ओळीओळीने लिहिलेले असते.

या गेममध्ये प्राण्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग आहेत. एक निरुपद्रवी : गाय, कोंबडी, मेंढी. दुसरा, डिवचले तरच अंगावर येणारा : लांडगा, मधमाशी. तिसरा जन्मजात शत्रू. तो अंधारात जन्मतो, दिसला की धावून येतो आणि त्याला मारल्याचे बक्षीस मिळते. त्याने काय केले, हा प्रश्नच नाही. तो अमुक जातीचा आहे एवढे पुरे.

मित्रांनो, ही मांडणी तुम्हाला ओळखीची वाटत नाही का? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. अमुक जमातीत जन्मला म्हणजे तो गुन्हेगार, त्याची हजेरी घ्या, त्याला हलू देऊ नका. पुढे आपल्या मुंबई इलाख्यातही हा कायदा आला. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडले, आणि पारध्याच्या पालावर पोलीस आजही आधी येतात, पुरावा नंतर शोधतात. याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे इंग्रजांच्या कागदात दरोडेखोर होते. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. आज त्यांनाच आपण क्रांतिवीर म्हणतो. माणूस तोच, कागद लिहिणारा बदलला.

कागद कोण लिहितो हा प्रश्न जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त विचारला. पुराणातले दैत्य आणि राक्षस म्हणजे इथल्या भूमीचे राखणदार, असे त्यांनी मांडले. राक्षस या शब्दात त्यांना रक्षक दिसला. बांधावरचा म्हसोबा हा बळीराजाचा अधिकारी महासुभा, अशी त्यांनी फोड केली. भाषाशास्त्री या व्युत्पत्तींवर वाद घालोत. जोतीरावांचा मुद्दा त्याहून मोठा होता : जिंकणाऱ्याने लिहिलेल्या गोष्टीत हरणाऱ्याला शिंगे फुटतात. आमच्या मुलांनी काढलेल्या राक्षसाला शिंगे होती, रंग काळा होता, ओठ जाड होते. हे चित्र त्यांना कोणी शिकवले? टीव्हीवरच्या पौराणिक कार्टूनांनी. आणि चित्र काढणारा मुलगा स्वतः सावळा होता.

आता भुतांकडे या. तिथे तर उघड उघड जातवार यादी आहे. मुंज झाल्यावर मेलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. ब्राह्मण मेला तर ब्रह्मसमंध. खवीस कुठे मुसलमानाचा सांगतात, कुठे महार-मांगाचा. पण तो सगळ्यात दांडगा आणि क्रूर, यावर सगळ्यांचे एकमत. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते. म्हणजे मेल्यावरही जात सुटत नाही आणि बाईपणही सुटत नाही! २०२४ मध्ये 'मुंज्या' सिनेमा आला आणि मुंजाचे कार्टून झाले. मुले हसली, आम्हीही हसलो. पण खवीस पडद्यावर येईल तेव्हा त्याला कोणाचा चेहरा देतील, याचा विचार आपण आताच करायला हवा.

म्हणून आम्ही मुलांसमोर एकच नियम ठेवला : आपल्या मॉडमध्ये जन्माने शत्रू कोणी नाही. सुत्तनिपातातल्या वसल सुत्तात भगवान बुद्धांनी हाच विचार सांगितला आहे, की माणूस नीच ठरतो तो कर्माने, जन्माने नव्हे. हा नियम फाइलमध्ये उतरवायचा तर प्रत्येक प्राण्याचा नव्याने विचार करावा लागतो. मुलांनी तो केला आणि पुढच्या कल्पना निघाल्या.

पहिला बिबट्या. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी आपल्या अकोल्याच्याच खोऱ्यात, उसाच्या शेतांत कॅमेरे लावून अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसे राहतात अशा भागात, दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे आणि जवळपास तितकीच तरसे आढळली. म्हणजे तो आपल्या शेजारी राहतो. बहुतेक वेळा कुत्री आणि शेळ्या खाऊन गुजराण करतो. शेजारच्या जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यावर हल्ले वाढल्याचे याच संशोधकांनी दाखवले. पण आम्ही बिबट्याचे लाड करणार नाही. हल्ल्यात माणसे मेली आहेत. कोण मेले? उसाच्या फडाकडेला कोपीत झोपलेले ऊसतोड्याचे लेकरू, मेंढपाळाचे पोर, शेतमजूर बाई. ज्याच्या घराला दार नाही त्याच्याकडे बिबट्या येतो. म्हणून मुलांच्या मॉडमध्ये बिबट्याला मारून गाव सुरक्षित होत नाही. शेवटच्या कोपीला दार, दिवा आणि संडास बांधला की तो उसात निघून जातो. एकही घर बिनदाराचे राहिले तर तो परत येतो.

दुसरे तरस. डिस्नेच्या १९९४ च्या 'द लायन किंग'मध्ये तरसांचा कळप राज्याच्या सीमेबाहेर, उजाड जागी, उपाशी राहतो. त्यांना आत घेतले की राज्य ओसाड पडते. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. खरे तरस मेलेली जनावरे संपवते, गाव स्वच्छ राखते आणि त्याबद्दल गावाची किळस घेते. आम्ही माणसांची तुलना जनावराशी करत नाही. ती तर मनुवाद्यांची सवय. आम्ही बोट ठेवतो ते किळसेवर. मेलेली ढोरे ओढायला लावायची आणि ओढणाऱ्यालाच विटाळ मानायचा, हा व्यवहार आपल्या आजोबांनी भोगला. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा असे बजावले तेव्हा त्यांना हीच साखळी तोडायची होती. मॉडमध्ये तरसाला मारले की गावात रोग पसरतो, आणि घाण आपापली उचलावी लागते. प्रत्येक खेळाडूला.

तिसरा नाग. गेममध्ये साप म्हणजे विष. आपल्या इतिहासात नाग हे लोक आहेत. ऑक्टोबर १९५६ मध्ये दीक्षेसाठी नागपूर का निवडले, हे सांगताना बाबासाहेबांनी नाग लोकांनी बुद्ध धम्माचा प्रसार केल्याची आठवण दिली होती. बौद्ध कथेत मुचलिंद नाग वादळी पावसात ध्यानस्थ बुद्धांवर फणा धरतो. एका मुलीने यातून फार छान कल्पना काढली : भंडारदऱ्याकडे धो-धो पाऊस सुरू झाला की खेळाडू शस्त्र खाली ठेवून उभा राहिला तर नाग फणा पसरून त्याला आडोसा देतो. हातात तलवार असेल तर येत नाही.

चौथी हडळ. इथे आमचा मुलांशी वाद झाला. ती बाळंतपणात मेलेली बाई आहे. ती का मेली? रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, अंगात रक्त नव्हते. सह्याद्रीतल्या पाड्यांवरून गरोदर बाईला झोळीत घालून खाली आणल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो. जिला व्यवस्थेने मारले तिचीच भीती घालायची, हा केवढा कावा! अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात हारितीची मूर्ती आहे. ती इतरांची मुले खाणारी यक्षिणी. बुद्धांनी तिचे धाकटे मूल लपवले, तेव्हा तिला इतर आयांचे दुःख कळले आणि ती मुलांची राखणदार झाली. मॉडमधल्या हडळीवर तलवार चालत नाही. खेळाडूंनी मिळून रस्ता आणि दवाखाना बांधला की ती सुईण होऊन तिथेच राहते.

आता आक्षेप. आमचेच काही कार्यकर्ते म्हणतात, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, अत्याचाराचे खटले पडून आहेत, आणि तुम्ही कार्टून काढता? खटलेही लढू आणि शिष्यवृत्तीसाठी मोर्चेही काढू. पण आपले लेकरू रोज दोन तास ज्या दुनियेत असते ती दुसऱ्याने लिहिलेली राहू द्यायची का? याच तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार. त्यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले आणि ज्याच्याबद्दल गाव बोलायचे तो स्वतः बोलू लागला. तेव्हा हाती पेन होते. आज कीबोर्डही आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी भुते का रंगवायची? याने अंधश्रद्धा वाढणार नाही का? भूत खरे आहे असे सांगितले तर नक्की वाढेल. पण ही गोष्ट कोणी रचली, कोणाच्या सोयीसाठी रचली, हे खेळता खेळता उलगडले तर भीती कमी होते. आमच्या वर्गातल्या एका मुलीने खवीस यादीतून खोडला आणि शेजारी लिहिले, "याची जात कोणी ठरवली?" आम्हाला एवढेच हवे होते.

तिसरी गोष्ट आम्ही स्वतःलाच बजावतो. वाघबारस आणि वाघदेव हा महादेव कोळी आणि ठाकर बांधवांचा ठेवा आहे. आपण तो शोभेसाठी उचलायचा नाही. त्यांच्या मुलांना बरोबर बसवा. वाघदेव घ्यायचा की नाही, कसा घ्यायचा, हे तीच सांगतील. आपल्याबद्दल इतरांनी लिहिले याची तक्रार करणाऱ्यांनी तीच चूक करू नये.

एक प्रश्न मुलांनी शेवटपर्यंत सोडला नाही : "सर, मग मारायचं कोणाला? शत्रूच नसेल तर गेम कसला?" प्रश्न बरोबर होता आणि उत्तर बाबासाहेबांकडे होते. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी जातीलाच राक्षस म्हटले आहे. तुम्ही कुठल्याही दिशेला वळा, तो वाट अडवून उभा असतो आणि त्याला मारल्याशिवाय ना राजकीय सुधारणा होते ना आर्थिक, असे त्यांचे म्हणणे. आमच्या मॉडमध्ये शत्रू तेवढा एकच आहे. त्याला तोंड नाही, शिंगे नाहीत, रंग नाही. तो भिंतीत असतो, दोन वेगळ्या विहिरींत असतो, वेगळ्या ठेवलेल्या कपात असतो. एका खेळाडूने कितीही वार केले तरी तो मरत नाही. सगळे खेळाडू एका पाणवठ्यावर येऊन एकत्र पाणी प्यायले की त्याचा एक तुकडा गळून पडतो. २० मार्च १९२७ चे चवदार तळे मुलांना इतके नीट आम्ही कधी समजावू शकलो नव्हतो.

चित्रे कशी काढायची, असे विचारणाऱ्यांनी पितळखोऱ्याचा यक्ष पाहावा. गोल पोट, तोंडभर हसू, कुठल्याही कार्टूनला मागे टाकेल असा. आपल्या महाराष्ट्रातल्या बौद्ध लेण्यातला हा यक्ष कान्हदास नावाच्या सोनाराने घडवला आणि दोन हजार वर्षांपूर्वी त्यावर स्वतःचे नाव कोरले. कष्टकऱ्याने बनवलेल्या वस्तूवर कष्टकऱ्याचे नाव. मॉडच्या पहिल्या पानावर आमच्या मुलामुलींची नावेही तशीच येतील.

तुमच्या गावात, वस्तीत, विहारात असे चारपाच जण असतील तर बसवा त्यांना. ठोकळ्यांचे प्राणी बनवायला ब्लॉकबेंच फुकट मिळते, लुआंटीसारखा खुला गेम फुकट मिळतो, जुना कॉम्प्युटर चालतो. मुलींना मागच्या रांगेत बसवू नका. आणि एक ध्यानात ठेवा : प्राण्याचा स्वभाव फाइलमध्ये लिहिलेला असतो, म्हणजे तो कोणीतरी लिहिलेला असतो. मनुस्मृतीही कोणीतरी लिहिलीच होती. २५ डिसेंबर १९२७ ला ती जाळली आणि पुढे संविधान लिहिले. नुसती जुनी फाइल पुसून भागत नाही. नवी लिहावी लागते.

वहीच्या त्या पानावर आता "मारायचा" हा शब्द एकाच नावापुढे उरला आहे.

जयभीम!