बाळंतिणीचा पगार आणि धन्याची बदली

शेतकरी, सुतार, कुंभार, शिंपी यांच्या लेकीसुना आतां कारखान्यांत, दवाखान्यांत, खासगी शाळांत नोकरीस जातात. नेमणुकीचा कागद आला म्हणजे तो वाचून घ्यावयास बाप बहुधा शाळेंतच येतो. अलीकडे त्या कागदाबरोबर एक प्रश्नही येऊं लागला आहे. पोर बाळंतपणाच्या रजेवर आहे, दुसरीकडे बरी जागा मिळते आहे. गेली तर रजेचा पगार बुडेल काय? कचेरींतला कारकून ह्याचें जें उत्तर देतो तें बहुतेक वेळां शेठजींच्या सोईचें असतें. म्हणून आम्हांस लिहिणें भाग आहे.

हा पगार कोणाची मेहेरबानी नव्हे. १९६१ च्या कायद्यानें तो ठरला, आणि २०१७ सालीं पहिल्या दोन मुलांपर्यंत रजा २६ आठवड्यांची झाली. दोन मुलें हयात असतील तर पुढच्या बाळंतपणास १२ आठवडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेंत सामील झाला आहे, पण ह्या तरतुदी त्यांत तशाच उतरल्या आहेत. मेख आहे ती एका अटींत. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपूर्वींच्या बारा महिन्यांत बाईनें निदान ८० दिवस काम केलेलें असावें, आणि तेंही ज्या धन्याकडे ती पैसे मागते त्याच्याचकडे. मागच्या धन्याकडे पांच वर्षें राबली असली तरी नव्याच्या वहींत तीं शून्य धरलीं जातात.

हिशेब करून पाहावा. अपेक्षित तारीख १ डिसेंबर आहे आणि बाईनें १ ऑगस्टला नवी नोकरी धरली. बाळंतपणापूर्वीं जास्तींत जास्त ८ आठवड्यांची रजा मिळते, म्हणजे ती ६ ऑक्टोबरला घरीं बसणार. ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे ३० आणि ऑक्टोबरचे ५ मिळून दिवस झाले ६६. एकही खाडा केला नाहीं तरी ८० भरत नाहींत. तिला आणखी निदान दोन आठवडे जड अंगानें खपावें लागेल. तेव्हां गरोदरपणीं जागा बदलणारीनें पगाराच्या आंकड्याआधीं दिनदर्शिका पाहावी.

जी आधींच रजेवर आहे तिची गोष्ट निराळी. तिचा हक्क जुन्या धन्यावर बसलेला आहे. रजेच्या अर्जांत तिनें लिहून दिलेलें असतें कीं ह्या मुदतींत मी कोठेंही काम करणार नाहीं. आणि त्या काळांत ती दुसरीकडे रुजू झाली तर तेवढ्या काळाचा पगार जातो. नव्या ठिकाणीं होकार खुशाल द्यावा, पण रुजू होण्याची तारीख रजा संपल्यानंतरची असावी, आणि ती नेमणूकपत्रांत लेखी घ्यावी. तोंडच्या बोलण्यावर राहूं नये.

राजीनाम्याची घाई तर मुळींच करूं नये. कायदा सांगतो कीं बाळंतपणापूर्वींच्या मुदतीचे पैसे आगाऊ द्यावे, आणि उरलेले, मूल झाल्याचा दाखला दाखविल्यापासून ४८ तासांत. प्रत्यक्षांत किती ठिकाणीं असें होतें? पुष्कळ ठिकाणीं ते महिन्याच्या महिन्याला, नेहमींच्या पगारासारखे सुटतात. ही रीत निरुपद्रवी दिसते, पण तिच्यामुळें दोरी धन्याच्या हातांत राहते. बाईनें जाण्याचें नांव काढलें कीं पुढचा महिना अडला. एकरकमी मागण्याचा तिला अधिकार आहे, आणि तो तिनें अर्ज करून बजावावा. ‘परत कामावर न आल्यास रजेचा पगार भरून देईन’ असा कागद पुढें केला तर सही करूं नये. कायद्यानें दिलेलें कोणत्याही करारानें कमी करतां येत नाहीं. रजेवर असतां तिला कामावरून काढणेंही बेकायदा आहे.

आतां ज्यांचा धनी त्यांच्या इच्छेवांचून बदलतो त्यांचें पाहा. दवाखान्यांत झाडलोट करणारी बाई तीच, झाडू तोच, पण ठेका नव्या वर्षीं दुसऱ्याकडे जातो. रोजंदारीच्या बायांनाही हा लाभ मिळाला पाहिजे असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणांत दिला. तरी ठेकेदार बदलला कीं ८० दिवस पुन्हां पहिल्यापासून मोजण्याची युक्ति ठेकेदारांच्या हातीं राहतेच.

राज्य कामगार विम्यांत, म्हणजे ई. एस. आय. मध्यें, ही अडचण बरीच कमी आहे. तेथें पैसे महामंडळ देतें. विम्याचा नंबर बाईचा असतो, धनी बदलला तरी तोच चालतो. मागील दोन वर्गणीकाळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असली कीं झालें. मग हाच मार्ग सर्वांस कां नसावा? सगळा भार एकट्या धन्यावर टाकला म्हणजे तो तरुण बाईस कामावर घेतांनाच कुरकुरतो, आणि त्याचा दंड तिलाच बसतो. १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत आसवले यांचें प्रसूतीविषयींचें बिल आलें, तेव्हां २८ जुलैस त्यास पाठिंबा देतांना डॉ. आंबेडकर यांनीं सांगितलें होतें कीं लोकांच्या हिताची काळजी मूळांत सरकारची आहे, आणि इतर देशांत हा खर्च कांहीं अंशीं सरकार उचलतें. दुसऱ्याच वर्षीं कायदा झाला. पण सरकारचा वांटा आमच्या मतें अजून अपुराच आहे.

ऊसतोडीस जाणाऱ्या बायांकडे पाहिलें म्हणजे हें अधिकच उघड होतें. नवराबायको मिळून एक कोयता. उचल मुकादमाकडून, ऊस कारखान्याचा, मग धनी कोण? ८० दिवस कोणाच्या वहींत मांडावयाचे? मातृवंदना योजनेंतून पहिल्या बाळंतपणास ५,००० रुपये मिळतात, पण तोडीच्या फडांतून उठून सहा महिने घरीं बसावें एवढें त्यांत भागत नाहीं. मोळी डोक्यावर घेणारीच्या नांवावरही, मुकादमाच्या नव्हे, विम्याचा नंबर पडला पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

तोंवर ज्या घरीं पोर रजेवर आहे तेथें हजेरीची नक्कल, पगारपत्रकें, रजेच्या अर्जाची पोंच आणि डॉक्टरचा दाखला एका पिशवींत ठेवावीं. पैसे अडले तर कामगार खात्याच्या निरीक्षकाकडे लेखी तक्रार करावी. ज्यास अर्ज लिहितां येत नाहीं त्यानें गांवच्या शाळेंत यावें. मास्तर लिहून देतील, आणि त्याबद्दल कोणास कांहीं द्यावें लागणार नाहीं.