शंभर टक्के काम, सत्तर टक्के पगार!

फोपनारच्या केळीच्या बागांतून निघून बुऱ्हाणपूरच्या कचेरीत रुजू होणारा मराठी तरुण पहिल्या महिन्याचा पगार हाती पडल्यावर मनातल्या मनात जो प्रश्न विचारतो, तो आज आम्ही उघडपणे विचारणार आहोत. हा पगार न्याय्य आहे काय? घरात आई देवापुढे साखर ठेवीत असते, वडील गावभर सांगत सुटलेले असतात. अशा वेळी असला प्रश्न काढणे अशुभ! ‘लागला हेच पुष्कळ’ म्हणून वडीलधारी मंडळी त्याचे तोंड बंद करतात. ह्या ‘लागला हेच पुष्कळ’वरच सरकारने आपल्या काटकसरीचा इमला उभारला, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

१२ डिसेंबर २०१९ रोजी मध्य प्रदेश सरकारने एक परिपत्रक काढले. तृतीय व चतुर्थ श्रेणीत नव्याने येणाऱ्यांचा परिवीक्षेचा काळ दोनांवरून तीन वर्षांवर नेला आणि त्यांना पहिल्या वर्षी किमान वेतनाच्या ७० टक्के, दुसऱ्या वर्षी ८० आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के देण्याचे ठरविले. त्याला पगार म्हणावयाचे नाही, ‘स्टायपेंड’ म्हणावयाचे! सहायक श्रेणी तीनच्या कारकुनाचे आरंभीचे मूळ वेतन १९,५०० रुपये. त्यातून पहिल्या वर्षी दरमहा ५,८५०, दुसऱ्या वर्षी ३,९०० आणि तिसऱ्या वर्षी १,९५० रुपये कापले, तर भत्ते आणि वेतनवाढी बाजूला ठेवूनही तीन वर्षांत १,४०,४०० रुपये होतात. लोकसेवा आयोगाच्या दारातून आत आलेल्या अधिकाऱ्यांना ही कात्री लागली नाही. ती लागली कारकुनाला, शिपायाला.

हा वाद न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाचे काम न्यायालयात. आमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. नवा माणूस शिकाऊ, म्हणून त्याला कमी, असे समर्थन केले जाते. पहिले काही महिने तो चुकतो, जुन्या कारकुनाला त्याची टिपणे दुरुस्त करावी लागतात, हे आम्ही नाकारीत नाही. सहा महिन्यांची उमेदवारी आम्ही समजू शकतो. पण हाच तरुण संगणक-दक्षतेची परीक्षा देऊन, मातृभाषा बाजूला ठेवून हिंदी टंकलेखन घोटून, हजारोंच्या रांगेतून निवडून आलेला असतो. त्याने तयार केलेला दाखला सत्तर टक्केच खरा धरतात काय? त्याच्या हातून फाइल गहाळ झाली तर शिक्षा सत्तर टक्केच होते काय?

ह्याच बुऱ्हाणपुरात रेल्वेचे स्थानक आहे. ते आणि रावेरचे स्थानक, दोन्ही मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात. एक मध्य प्रदेशात, दुसरे महाराष्ट्रात. प्रशिक्षण संपवून नवा लिपिक तिकिटाच्या खिडकीमागे बसला, की ह्या स्थानकावर असो वा त्या, त्याची वेतनश्रेणी तीच आणि ती पूर्ण. शिकण्याचा काळ निराळा आणि कामाचा काळ निराळा, एवढे साधे तत्त्व रेल्वेला कळते!

मग न्याय्य पगार मोजावा कशाने? जुलै १९५७ मध्ये दिल्लीस भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने माप घालून दिले आहे. एका मिळवत्यामागे तीन माणसांचा आहार, कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण ह्यांसाठी २५ टक्क्यांची भर घातली. ‘तो तर सडाफटिंग, त्याला तीन माणसांचे कशाला?’ असे कोणी म्हणेल. त्याने फोपनारला यावे. बायको नसली तरी घरात थकलेले आईबाप असतात, शिकणारी बहीण असते आणि केळीचा भाव कोसळलेल्या वर्षी सावकाराचा तगादा ह्या नव्या कारकुनाच्याच नावाने येतो.

१९६४ साली ह्याच गावच्या जमिनीतून बुद्धाच्या धातुमूर्ती निघाल्या. त्यांतील काही दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेल्या. गावची शिकलेली पोरेही अशीच बाहेर जातात. फरक इतकाच, की मूर्तींची किंमत दिल्लीने ओळखली.

आता आमच्याच पक्षातील मंडळींना दोन शब्द. सीमेपलीकडे सारे आलबेल आहे, असे व्यासपीठावरून सांगण्याचा मोह त्यांनी आवरावा. ज्या महाराष्ट्रात आम्हांला जावयाचे आहे, त्याने २००० सालापासून शिक्षणसेवक नावाची जात निर्माण केली. तीन वर्षे पूर्ण वर्ग सांभाळायचा आणि पगाराऐवजी मानधन घ्यायचे! प्राथमिक शाळेत ते महिना ६,००० रुपयांवर आले होते; २०२३ साली १६,००० झाले. भोपाळचे ते स्टायपेंड आणि मुंबईचे ते मानधन! नावे दोन, पण मापात मारण्याची रीत एकच. आम्ही महाराष्ट्र मागतो तो आपल्या भाषेत कमी पगार घेण्यासाठी नव्हे.

म्हणून विलीनीकरणाच्या मागणीपत्रात आम्ही एक कलम घालण्याची सूचना करीत आहो: सीमाभागातील प्रत्येक नोकराला, प्रशिक्षण संपल्याच्या दिवसापासून, पदाचे पूर्ण वेतन मिळावे. येत्या सभेत हा ठराव येईल. ज्या तरुणांनी ती तीन वर्षे काढली, त्यांनी आपल्या वेतनचिठ्ठ्यांच्या नकला आमच्या कचेरीत आणून द्याव्यात. नावे छापली जाणार नाहीत. आकडे छापले जातील.