मंगलाष्टकांतील अक्षरांची मोजदाद

लग्नसराई आली कीं घरोघरीं नवीं मंगलाष्टकें रचलीं जातात. आम्हांस हा प्रघात प्रिय आहे; परंतु पुष्कळदां अंतरपाटापाशीं चाल अडखळते आणि दोष बिचाऱ्या गाणाराच्या गळ्यावर येतो! शार्दूलविक्रीडिताच्या चरणांत अक्षरें १९, यति १२ व्या अक्षरावर. रचणारे मात्र तीं कानानें मोजतात. 'कमल' हा शब्द बोलतांना 'क-मल्' असा दोन उच्चारांत सरतो. वृत्तांत अंत्य 'अ'चाही पूर्ण उच्चार होत असल्यामुळें त्याचीं अक्षरें तीन. उलट जोडाक्षर कितीही जड दिसो, तें एकच: 'विठ्ठल' तीन, 'ज्ञानेश्वर' चार. 'विठ्ठल' शब्दांतील अर्धा 'ठ्' निराळा मोजावयाचा नाहीं. तो मागील 'वि'स गुरु करून मोकळा होतो.

खरी अडचण वधूवरांचीं नांवें गुंफतांना येते. 'कमल' शब्दाचीं तिन्ही अक्षरें लघु, आणि सलग तीन लघूंची जागा या चरणांत एकच, ९ ते ११. तेथें नांव बसत नसेल तर वधूस 'कमला' म्हणून पाहावें. तें ४ ते ६ किंवा १० ते १२ या जागीं बसतें. आणि दुसऱ्या जागीं यति येत असल्यामुळें मांडवांत तें सर्वांस स्पष्ट ऐकूं येतें.