समुद्राची हवा आणि हक्काची रजा

परवा रात्री अभ्यासिका बंद करून घरी येत होतो, तर मागच्या गल्लीतले एक बंधू वाटेत थांबले. त्यांच्या मंडळींचा क्षयाचा औषधोपचार नुकताच पुरा झाला आहे. डॉक्टरांनी सांगितले, "आता बाई बऱ्या आहेत, पण थोडी विश्रांती द्या, जमल्यास हवापालट करा." ते मला म्हणाले, "भाऊ, हवापालट म्हणजे नेमके काय करायचे? आणि ते आपल्यासारख्यांनी करायचे असते काय?"

या दुसऱ्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार करतो आहे. म्हणून आजचा लेख त्यावरच.

वाचक बंधू-भगिनींनो, हाच प्रश्न २०१८ साली माझ्याही घरात उभा राहिला होता. आमच्या सौ.ला २०१७ च्या दिवाळीआधी खोकला लागला. एक महिना आम्ही तो धुळीवर ढकलला. कुर्ल्यात धूळ काय कमी आहे? शेवटी थुंकीची तपासणी झाली आणि क्षय निघाला. सहा महिने गोळ्या, त्यातले पहिले दोन महिने चार औषधे. ती घरी बसून शिलाईचे काम करते. नगावर पैसे. वजन अडतीस किलोवर आले तरी मशीन थांबले नव्हते, कारण नग गेला नाही तर पैसे नाहीत. मी कारकून माणूस. माझी आजारपणाची रजा वेगळी, हक्काची रजा वेगळी, किरकोळ रजा वेगळी, सगळे खात्यावर जमा. तिच्या खात्यावर एकही दिवस जमा नाही. बी.कॉम. होऊन वीस वर्षे हिशेब लिहितो आहे, पण हा हिशेब मला तिच्या आजारपणात प्रथम दिसला.

एप्रिल २०१८ मध्ये गोळ्या संपल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांना आठ-दहा दिवस पाण्याच्या रांगेपासून लांब न्या." मी घरी येऊन सांगितले की गावी जाऊ. आमचे गाव मंडणगड तालुक्यात, समुद्रापासून आत, डोंगराच्या कुशीत. सौ. काही बोलली नाही. रात्री भांडी घासता घासता म्हणाली, "अहो, गावाला गेले तर विहिरीवरनं पाणी कोण आणणार? मे महिन्यात दोन लग्नं आहेत, भाकऱ्या कोण थापणार? तुम्ही जा हवापालटाला, मी इथंच बरी."

तिचे म्हणणे खरे होते. चाकरमानी गावी गेला की तो पाहुणा होतो, आणि त्याची बायको सून होते. पुरुष ओटीवर बसून मुंबईच्या गप्पा मारतो, ती चुलीपुढे. म्हणून ठरवले की गावी न जाता दापोलीच्या किनाऱ्यावर खोली घेऊन राहायचे. हे ऐकून माझी आई जी बिथरली! "गावाला घर असताना भाड्याची खोली? लोक काय म्हणतील? आम्ही काय कधी आजारी पडलोच नाही?" आईने गिरणीच्या पाळीवर जाणाऱ्या नवऱ्याचे डबे तीस वर्षे भरले. तिला कोणी कधी समुद्र दाखवला नाही. तिच्या रागात हेही होते, हे मला फार उशिरा कळले.

आता हवापालटाबद्दल थोडे. हा प्रकार आला विलायतेतून. अठराव्या शतकात तिकडच्या रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने समुद्राच्या पाण्याची आणि समुद्रस्नानाची महती लिहिली, आणि ब्रायटनचा किनारा आजाऱ्यांनी गजबजला. हॉलंडात शेव्हेनिंगेन गावी १८१८ साली किनाऱ्यावर लाकडी स्नानगृह उभे राहिले, तिथे बरे व्हायला आणि सुट्टीला लोक येऊ लागले. आपल्याकडे पारशी मंडळींनी आपल्या समाजासाठी सॅनेटोरियम बांधली. १९२४ साली ससून रुग्णालयातल्या शस्त्रक्रियेनंतर गांधीजी जुहूच्या किनाऱ्यावर येऊन राहिले. म्हणजे ज्याला कोणीतरी बंगला देतो, त्याला समुद्र औषध म्हणून मिळतो. कोळ्याला तो धंदा म्हणून मिळतो, आणि टोपल्या वाहणाऱ्याला ओझे म्हणून.

टोपल्यांवरून रमाई आठवते. माता रमाईचे माहेर वणंद, दापोलीजवळचे. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावरून मासळीच्या टोपल्या वाहून बाजारात नेत. आईवडील गेल्यावर त्या भावंडांसह नातलगांबरोबर मुंबईला आल्या, आणि लग्न लागले तेही भायखळ्याच्या बाजारात. पुढे त्यांची प्रकृती ढासळली तेव्हा बाबासाहेबांनी त्यांना हवापालटासाठी धारवाडला नेले होते. गुण आला नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहात त्यांचे निधन झाले. आयुष्यभर राबलेल्या त्या माउलीच्या वाट्याला विश्रांती आली ती आजाराने शरीर पोखरल्यावर.

आणि एक गोष्ट आपल्यातही पुष्कळांना ठाऊक नसते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यात एक वर्ष सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची भरपगारी रजा कायद्याने मिळू लागली. १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे काम ४८ तासांवर आणले. १९४८ च्या कारखाना कायद्यात तर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस, असा रजेचा हिशेबच आला. आपण बाबासाहेबांचे नाव घेऊन वर्गणी काढतो, मिरवणूक काढतो, आणि त्यांनी आणलेली रजा मात्र साहेब रागावेल म्हणून बुडू देतो. मीही दरवर्षी बुडवत होतो. त्या वर्षी प्रथम अर्ज केला, दहा दिवस, भरपगारी. पण शिलाई मशीनवरच्या बाईला कोण रजा देणार? तिचा मालक म्हणजे दारात गठ्ठा टाकून जाणारा मुकादम. मग आम्हीच तिची रजा भरून काढायची असे ठरवले. माझ्या बोनसमधून तिचे दहा दिवसांचे नग वहीत जमा धरले.

नेहरूनगर डेपोतून रात्रीची एस.टी. धरली. पहाटे महाड गेले. सौ. खिडकीला डोके टेकून झोपली होती, तिला उठवले नाही. एरवी महाड आले की आम्ही जागेच असतो.

किनाऱ्यावरच्या एका गावात पहिल्या घरी खोली विचारली. खोली रिकामी दिसत होती, दार उघडेच होते. घरमालकाने चहाही विचारला. मग विचारले, "गाव कुठले आपले? आडनाव काय?" सांगितले. ते आत गेले, बाहेर आले आणि म्हणाले, "खोली भरलेली आहे हो, मुलाने परस्पर दिली." असे प्रसंग आपल्याला नवीन नाहीत. माझे रक्त तापले, मी बोलायला तोंड उघडले, तर सौ. पिशवी उचलून म्हणाली, "चला. मला इथं झोप लागणार नाही."

दुपारी उन्हातून दुसऱ्या वाडीत गेलो. तिथे एक वयस्क बाई एकट्या राहत, मागच्या अंगाची खोली भाड्याने देत. त्यांनी आडनाव विचारले नाही. विचारले, "पोरीला काय झालंय? एवढी वाळलीय का?" मी पटकन म्हणालो, "टायफॉइड झाला होता." सौ. माझ्याकडे बघून म्हणाली, "टायफॉइड नाही मावशी, टीबी होता. औषध पुरं झालंय, कागद आहे माझ्याकडं."

मला दरदरून घाम फुटला. थोड्या वेळापूर्वी ज्याने आडनावावरून दार लावले त्याला मी मनात शिव्या देत होतो, आणि आता मीच बायकोचा आजार लपवत होतो. वस्तीत क्षयरोगावर सभा घेणारा मी. हे मी आजवर कुठे लिहिले नव्हते.

मावशी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "राहा. पण कप आणि ताट तुझं वेगळं ठेवीन हो पोरी."

वेगळा कप! आपल्या मागच्या पिढ्यांनी वेगळी करवंटी पाहिली आहे. मी रात्री सौ.ला म्हणालो, "उद्या सकाळी इथून निघू." ती म्हणाली, "कप माझा वेगळा केलाय, तुमचा नाही. तुम्हाला त्यांनी त्यांच्याच कपात चहा दिला. ही बाई आजाराला भितेय. भीती चुकीची आहे, पण ती मी सांगून जाईल. सकाळच्याची जाणार नाही." तिचे बरोबर होते की माझे, हे मला अजून नीट सांगता येत नाही. औषध पुरे झालेल्या माणसाचे भांडे वेगळे करण्याची काही गरज नसते, हा रोग खोकल्यातून, हवेतून पसरतो, कपातून नव्हे, आणि योग्य औषध सुरू झाल्यावर संसर्गही लवकर आटोक्यात येतो. हे सौ.ने मावशींना नऊ दिवसांत चारदा तरी सांगितले असेल. मावशी मान हलवायच्या आणि कप वेगळाच ठेवायच्या.

ते नऊ दिवस आम्ही काय केले? काहीच केले नाही. सकाळी ऊन चढायच्या आत वाळूवर चालायचो, पहिल्या दिवशी शंभर पावलांत ती दमली. संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव बघायला जायचो. बोट लागली की ढीग पडतात, बोली सुरू होते, कोळणी अशा काही आकडे बोलतात की माझा बी.कॉम. तिथे नापास झाला. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. बांगडे घेऊन यायचे, मावशी कालवण करायच्या. दुपारी सौ. झोपायची. लग्नाला चौदा वर्षे झाली होती, तिला दुपारी झोपलेली मी पहिल्यांदा पाहिली. परत आल्यावर वजन केले, सव्वा किलो वाढले होते. एकूण खर्च, एस.टी.सकट, एका लग्नाच्या आहेरापेक्षा थोडा जास्त. वहीत लिहिलेला आहे.

समुद्राच्या हवेने क्षय बरा होतो असे मात्र कोणी समजू नका. मद्रासला १९५६ साली सुरू झालेल्या केंद्राने गरीब वस्त्यांतल्या रुग्णांवर अभ्यास केला. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच औषध दिले. १९५९ साली निष्कर्ष छापून आला की दोन्हीकडे रोगी जवळपास सारखेच बरे झाले, आणि घरच्या माणसांना त्यामुळे जास्त लागण झाली नाही. बरे करते ते औषध. म्हणून गोळ्या चालू असताना एकही दिवस चुकवून सहलीला जाऊ नये, आणि औषध नुकतेच सुरू झाले असेल तर प्रवास डॉक्टरांना विचारूनच करावा. गोळ्या चालू असेपर्यंत सरकारकडून पोषणासाठी पैसे मिळतात, एप्रिल २०१८ पासून महिना पाचशे आणि नोव्हेंबर २०२४ पासून हजार रुपये. ते बाईच्या खात्यात आले तर अंड्या-डाळीवर जावेत, मुलाच्या मोबाइलवर नव्हे. मधुमेही माणसाने तापल्या वाळूत अनवाणी चालू नये. आणि ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरू नये, किनाऱ्यावरच्या माणसाला विचारावे.

मग हवा कशाला बदलायची? डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते ना, पाण्याच्या रांगेपासून लांब.

२०१९ च्या मे महिन्यात पुन्हा गेलो. २०२० साली टाळेबंदी, आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आले. मावशींच्या नारळी-सुपारी आडव्या झाल्या, मागच्या खोलीचे छप्पर उडाले. वस्तीतून दोन-तीन घरांनी मिळून थोडे पैसे पाठवले. २०२१ ही तसेच गेले. २०२२ ला गेलो तेव्हा खोलीवर नवे पत्रे होते. सौ.ने चहा झाल्यावर सवयीने आपला कप विसळून वेगळ्या फळीवर ठेवायला घेतला, तर ती फळीच नव्हती. मावशी म्हणाल्या, "वाऱ्यानं नेली. ठेव इकडंच." दोघी त्यावर काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही.

गेल्या मे महिन्यात आईला बरोबर नेले. पहिले दोन दिवस ती म्हणत होती, "एवढ्या पैशात गावच्या घराचा ओटा झाला असता." तिसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर अंथरुणात नाही. शोधत गेलो. नऊवारी गुडघ्यापर्यंत वर खोचून पाण्याच्या कडेला उभी होती, एकटीच. मी हाक मारली नाही.

त्या मागच्या गल्लीतल्या बंधूंना मी मावशींचा पत्ता लिहून दिला आहे. ते म्हणाले, "भाऊ, रजेचा अर्ज कसा लिहायचा?" तोही लिहून दिला. त्यांच्या मंडळी घरोघरी स्वयंपाकाची कामे करतात, चार घरे आहेत. त्या चार घरांत जाऊन दहा दिवसांची, पगार न कापता रजा मागायची आहे. येत्या रविवारी सौ. त्यांच्याबरोबर जाणार आहे.