माळावरचा भेक आणि ‘पडीक’ जमीन

पहिला दमदार पाऊस झाला की दख्खनच्या माळरानांवर एका रात्रीत डबकी भरतात आणि काठाकाठाने भेक ओरडू लागतात. बेडकाचाच हा खरखरीत कातडीचा, आखूड पायांचा भाऊबंद. अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपणारा भेक सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याच्या डोक्यावर काळ्या कडांचे उंचवटे असतात. कोरड्या मैदानी प्रदेशातल्या ‘मार्बल्ड टोड’च्या डोक्यावर ते नसतात. इराणपासून बांगलादेशापर्यंत आढळणारा हा भेक महाराष्ट्रातही आहे. (भेकाला हात लावल्याने चामखीळ येत नाही, ती विषाणूमुळे येते. त्याच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींतला स्राव मात्र विषारी असतो.)

भेक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या पातळ कातडीतून तो ओल शोषतो आणि मूत्राशयात साठवलेले पाणी गरजेला पुन्हा शरीरात घेतो. या शिदोरीवर तो उन्हाळा बिळात, भेगेत, दगडाखाली काढतो. पावसात मादी डबक्यात हजारो अंड्यांच्या लांब माळा सोडते. पाणी आटण्याआधी पिल्लांना शेपूट गमावून जमिनीवर यावे लागते. शर्यत जीवघेणी आहे, पण आटणाऱ्या डबक्यात मासे टिकत नाहीत, हा त्यातला मोठा फायदा. म्हणूनच असे डबके खोल करून बारमाही तळे बनवणे हा माळावर उपकार नव्हे.

सरकारी दप्तरात मात्र अशा जागेची ओळख वेगळी. देशाच्या ‘वेस्टलँड अ‍ॅटलस’मध्ये विरळ झुडपांच्या जमिनी आणि खालावलेली चराई कुरणे ‘पडीक’ म्हणून मोजली जातात. पडीक ठरली की तिथे काहीतरी ‘करणे’ भाग पडते: झाडे लावा, सौर पॅनेल बसवा. रोपांसाठी खड्डे पावसाआधी खणतात, म्हणजे नेमके भेक जमिनीखाली असतात तेव्हा.

झाडे हवीतच, जंगल तुटलेल्या डोंगरावर जरूर लावावीत. पण गवताळ माळ म्हणजे उजाड झालेले जंगल नव्हे. मार्बल्ड टोड जागतिक यादीत धोक्यात नाही, हे खरे. तो निकष प्रजातीचा. बुजवलेल्या डबक्याची नोंद त्यात कुठे होणार? मे महिन्यात पाहणी केली तर माळ निर्जीवच दिसेल. ती जूनमधल्या पावसानंतर, रात्री, टॉर्च घेऊन करावी आणि मगच खड्ड्यांच्या खुणा माराव्यात.