हत्ती, मेरे साथी!

रविवारची संध्याकाळ. टीव्हीवर बघण्यासारखं काही नाही, सोमवारच्या मीटिंगचं टेन्शन आत्तापासूनच सुरू... अशा वेळी आमच्याकडे बाबा लाकडी पट काढतात. त्या दिवशी दीड तासाच्या मारामारीनंतर पटावर उरलं होतं एवढंच: दोन राजे, दोन हत्ती आणि बाबांचं एक प्यादं. बाबा चहा टाकायला किचनमध्ये गेले आणि मी (हो, कबूल!) गुपचूप मोबाइलमध्ये ती पोझिशन भरली. उत्तर आलं 0.00. म्हणजे बरोबरी!

"बाबा, ड्रॉ झाला. मोबाइल सांगतोय."

बाबांनी कप खाली ठेवला. "तू मोबाइलशी खेळतेयस की माझ्याशी? चल, खेळ."

पुढच्या पंधरा मिनिटांत मी हरले.

आता मोबाइल खोटं बोलला का? अजिबात नाही. घोळ वेगळाच आहे, आणि तो समजून घ्यायचा तर आधी हत्तींचा स्वभाव कळायला हवा.

डावाच्या सुरुवातीला हत्ती बिचारे कोपऱ्यात अडकलेले असतात. घोडे, उंट, वजीर आधी मैदानात उतरतात आणि आधी कापले जातात. हत्ती उशिरा येतात, म्हणून शेवटपर्यंत टिकतात. साहजिकच हत्तींचे एंडगेम वारंवार होतात. आणि त्यांचा फंडा असा, की एखादं प्यादं जास्त असलं तरी जिंकण्याची गॅरंटी नाही. दुबळ्या बाजूचा हत्ती लांबून शहावर शह देत राहतो आणि समोरच्या राजाला सुखाने बसू देत नाही. हत्तींचे सगळे एंडगेम बरोबरीतच सुटतात, अशी बुद्धिबळवाल्यांमध्ये एक जुनी अर्धी-गंमत, अर्धी-खरी म्हणच आहे.

माणूस हे सगळं कसं लक्षात ठेवतो? थोड्या ठरावीक चित्रांवरून. सगळ्यात फेमस चित्र फिलिडोरचं. हा अठराव्या शतकातला फ्रेंच गडी. बुद्धिबळात त्या काळचा बादशहा आणि पोटापाण्याला चक्क ऑपेरा लिहिणारा संगीतकार! त्याचा बचाव असा: आपला राजा प्याद्याच्या वाटेत उभा करायचा आणि हत्ती आपल्या बाजूने मोजलेल्या तिसऱ्या आडव्या ओळीवर पहारा देत ठेवायचा. समोरच्या राजाला ती ओळ ओलांडता येत नाही. वैतागून तो प्यादं त्या ओळीवर ढकलतो. ढकललं, की आपला हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. राजाला लपायला जागाच उरत नाही.

दुसरं चित्र ल्युसेनाचं, जिंकणाऱ्यासाठी. प्यादं वजीर होण्यापासून एकच घर दूर आहे, पण त्या घरात आपलाच राजा अडकलाय. तो बाहेर आला की समोरचा हत्ती शह देणार. मग आपला हत्ती चौथ्या ओळीवर आणायचा आणि वेळ आली की राजासमोर ढालीसारखा उभा करायचा. याला 'पूल बांधणं' म्हणतात. गंमत म्हणजे स्पॅनिश ल्युसेनाच्या 1497 च्या पुस्तकात ही पोझिशनच नाही. ती सापडते 1634 मध्ये, इटलीच्या साल्व्हियोच्या पुस्तकात. क्रेडिट एकाचं, नाव दुसऱ्याचं. आपल्या ऑफिसात होतं तसंच!

आणि कॉम्प्युटर? त्याला ना फिलिडोर माहीत, ना पूल. मोहरी भरपूर असतील तेव्हा तो सेकंदाला लाखो पोझिशन्स तपासत सुटतो. पण राजे धरून पटावर सातच मोहरी उरली, की त्याला विचारही करावा लागत नाही. त्याच्याकडे 'टेबलबेस' असतो. म्हणजे काय, तर मात झालेल्या पोझिशन्सपासून सुरुवात करून एकेक खेळी उलटं मागे जात तयार केलेला महाप्रचंड कोष. मॉस्को विद्यापीठातल्या सुपरकॉम्प्युटरवर 2012 मध्ये असा सात मोहऱ्यांचा कोष तयार झाला, तब्बल 140 टेराबाइटचा. नंतर 'सिझिजी' नावाच्या कोषाने 2018 मध्ये तेच काम बऱ्याच कमी जागेत बसवलं. त्यात सुमारे 423 लाख कोटी पोझिशन्स आहेत! प्रत्येकीपुढे निकाल ठरलेला: जीत, हार किंवा बरोबरी. थोडक्यात, कॉम्प्युटर म्हणजे पेपर फुटलेला विद्यार्थी. सगळी उत्तरं पाठ, पण 'का?' विचारलं की गप्प.

खरी मेख इथेच आहे, बॉस. तो 0.00 दाखवतो तेव्हा एक गोष्ट सांगतच नाही. बरोबरी ठेवणाऱ्या वीस चाली आहेत, की एकुलती एक? वीस असतील तर डोळे मिटून खेळा. एकच असेल तर तुम्ही दोरीवर उभे आहात. पण स्क्रीनवर आकडा तोच!

आठवतंय, चेन्नई, नोव्हेंबर 2013? विश्वविजेता विश्वनाथन आनंद आपल्या गावी खेळत होता आणि समोर 22 वर्षांचा मॅग्नस कार्लसन. पहिले चार डाव बरोबरीत. पाचवा आणि सहावा, दोन्ही हत्तींच्या एंडगेममध्ये गेले आणि दोन्ही आनंदने गमावले. पाचव्यात 45 व्या खेळीला दिलेला एक साधा शह महागात पडला. सहाव्यात 60 व्या खेळीला त्याने हत्ती हलवला. तिथे प्यादं पुढे ढकललं असतं तर डाव वाचला असता. इंजिन लावून बसलेल्या घरबसल्या पब्लिकला ते लगेच दिसलं. तासन्‌तास पटासमोर बसलेल्या माणसाला दिसलं नाही. कार्लसनचा फंडा साधा होता: बरोबरी दिसतेय ना? मग समोरच्याला ती प्रत्येक खेळीला पुन्हा सिद्ध करू दे! 6.5–3.5 अशी ती मॅच संपली आणि जगाला नवा विश्वविजेता मिळाला.

सिंगापूर, डिसेंबर 2024. गुकेश विरुद्ध डिंग लिरेन, चौदावा आणि शेवटचा डाव. दोघांकडे हत्ती आणि उंट, गुकेशकडे एक प्यादं जास्त. सगळे टायब्रेकची तयारी करत होते. 55 व्या खेळीला डिंगने हत्तींची अदलाबदल देऊ केली आणि संपलं! 18 वर्षांचा गुकेश विश्वविजेता झाला. एक खेळी आधीपर्यंत इंजिनच्या हिशेबाने तोही डाव बरोबरीचाच होता.

तर माझ्याकडे परत. मी काय केलं होतं? 'ड्रॉच आहे' म्हणून निवांत झाले आणि तिसऱ्या ओळीवरचा पहारा एक खेळी लवकर सोडला. बाबांचा राजा आत शिरला. तेव्हाही वाट होती, पण अरुंद. तीही चुकले. मग बाबांनी शांतपणे पूल बांधला.

पुढच्या रविवारी मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला लावला. नशीब बघा, पुन्हा तसाच एंडगेम आला. हत्ती तिसऱ्या ओळीवर. बाबांनी पंचवीस-तीस खेळ्या वाट पाहिली, चहा दोनदा गार झाला, मी जागची हलले नाही. शेवटी त्यांनी प्यादं ढकललं, मी हत्ती दुसऱ्या टोकाला नेला आणि शह द्यायला सुरुवात केली.

सातव्या शहाला बाबांनी हात पुढे केला. "हं, आता ड्रॉ झाला."