थंडी आहे तोवर निघा

मनमाडला उतरणारी निम्मी माणसं पुढची गाडी पकडायलाच उतरतात. कुणाला शिर्डी गाठायची असते, कुणाला संभाजीनगर, कुणाला नांदेडचा गुरुद्वारा. आम्ही मनमाडकर त्यांना फलाट सांगतो, रिक्षा दाखवतो आणि घरी येऊन टीव्ही लावतो. लग्नकार्य किंवा दवाखाना निघाल्याशिवाय आम्ही गाव सोडत नाही. नाताळच्या सुट्टीत एखाद्याने फारच मनावर घेतलं तर गोवा नाहीतर महाबळेश्वर ठरतं. मग वेटिंगचं तिकीट, घाटातली कोंडी, दुप्पट भाड्याची खोली आणि परतल्यावर अंगदुखी.

माझा पुतण्या म्युनिकला असतो. हिवाळ्यात शनिवार-रविवार जोडून तो निघतो ते साल्झबुर्गसारख्या, रेल्वेने दोन तासांच्या आत येणाऱ्या गावी. डिसेंबरात तिकडे दिवस साडेआठ तासांचाही भरत नाही, साडेचारला अंधार पडतो. त्यामुळे हाती असलेला उजेड प्रवासात घालवायचा नाही, हा त्याचा एकच नियम. आपल्याकडे त्याच दिवसांत जवळपास अकरा तास उजेड असतो. तो आपण टोलनाक्यावर बसून घालवतो.

हा नियम मनमाडला लावून बघा. आपल्यासाठी मर्यादा तासाभराची ठेवू; तेवढ्या अंतरात काय काय येतं? शेजारीच अंकाई-टंकाई, जेमतेम दहा-बारा किलोमीटर. दौंडकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून आपण ही जोडी लहानपणापासून बघतो; वर गेलेले किती जण? टंकाईच्या पोटात जैन लेणी आहेत, तिथे थांबायचं, कोरीव काम निवांत बघायचं. मग अंकाईचे दरवाजे एकामागून एक ओलांडत माथ्यावर. वर अगस्ती ऋषींची गुहा आणि तळं. कातळात खोदलेली ती वाट चढताना प्रश्न पडतो, की असला किल्ला 1818 मध्ये इंग्रजांच्या हाती लढाईशिवाय पडला तरी कसा? पहाटे निघालात तर दुपारच्या उन्हाआधी खाली येता. हातात खाण्याची पिशवी मात्र उघडी ठेवू नका, वरची माकडं आपल्यापेक्षा सराईत आहेत. ‘थम्सअप’ म्हणून आपण पाहुण्यांना दाखवतो ती हडबीची शेंडी मात्र खालूनच बघावी. तो सुळका दोर वापरणाऱ्या, शिकलेल्या गिर्यारोहकांचा.

दुसरी जागा नांदूर-मधमेश्वर. माझं मत विचाराल तर पहिला मान हिचाच. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा बांधला, कालव्यांना पाणी द्यायला. नद्यांनी आणलेला गाळ साठत गेला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा तोटा. पक्ष्यांना नेमकं हेच हवं होतं. 1986 मध्ये अभयारण्य झालं आणि 2020 मध्ये रामसर यादीत नाव गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. हिवाळ्यात इथे तलवार बदक, थापट्या, चक्रवाक येतात. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंबही दिसतो. चापडगावच्या मनोऱ्यावर उजाडता उजाडता पोचायला हवं. नऊनंतर गेलात तर पक्ष्यांपेक्षा सेल्फी काढणारे जास्त दिसतील. दुर्बीण उसनी मिळाली तर आणा, स्पीकर घरी ठेवा.

इथली पहाट म्हणजे निफाडची पहाट, हे लक्षात असू द्या. 2018 च्या डिसेंबरात इथला पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. आपण मफलर गुंडाळून त्याची गंमत बघायला जातो, तेव्हा द्राक्षवाला रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून आणि वेलींना पाणी सोडून घड वाचवत असतो. मणी तडकले की वर्षाची कमाई गेली. अशा बागेत फोटोसाठी घुसू नये, एवढं तरी भान ठेवावं.

सुट्टी जानेवारीत मिळत असेल तर येवला. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सगळं गाव गच्चीवर असतं. आसारीवर मांजा, खाली हलकडीचा ठेका, पतंग कापला की ‘वकाट’ची आरोळी. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी कुणाच्या तरी घरी मिळतेच. येवल्यात ओळख नसलेला मनमाडकर मला अजून भेटलेला नाही. पैठणीच्या दुकानात नंतर शिरा, आधी मागावर बसलेला विणकर बघा, म्हणजे किमतीवर घासाघीस करताना जीभ जरा आखडेल. आणि मुक्तिभूमीवर थांबल्याशिवाय परतू नका. 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती इथे.

हे सगळं ठरवायला महिना लागत नाही. शुक्रवारी रात्री भाकऱ्या बांधायच्या, शनिवारी किल्ला, रात्री आपल्याच अंथरुणात झोप, रविवारी पाखरं. खोलीचं भाडं शून्य. बरोबर म्हातारी माणसं असतील तर किल्ला वगळून चांदवडचा होळकरांचा रंगमहाल आणि रेणुकामाता करा. फक्त लांबवू नका. दिवाळीनंतर सुरू झालेली आपली थंडी फेब्रुवारीच्या शेवटी दुपारी घाम काढते, आणि मार्च लागला की पाहुणे पक्षीही परतीच्या वाटेला लागतात.

तासाचा नियम मोडायचाच असेल तर वेरूळसाठी मोडा, दौलताबाद तिथून जवळच आहे. मंगळवार तेवढा टाळा; त्या दिवशी वेरूळची लेणी बंद असतात.